उन्हाचा दुपट्टा आणि साथीचा मास्क

फेब्रुवारी २०२१ संपत आला होता. सकाळचे अकरा वाजत आले होते, ऊन चांगलंच चढलं होतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर्री पोह्याचा ठेला लागतो, तिथं एक जण स्कूटरवरून आला. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा दुपट्टा घट्ट बांधलेला, फक्त डोळे उघडे. त्यानं गाडी लावली, दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला आणि ठेल्याभोवती उभ्या सात-आठ जणांत शिरून बोलायला लागला. रस्त्यावर एकटा होता तोवर तोंड झाकलेलं होतं. माणसांत आला आणि उघडं पडलं.

त्या दिवसांत नागपुरात कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढायला लागले होते. मास्क लावा, अंतर ठेवा, हे सांगून वर्ष होत आलं होतं. कोणाला फोन लावला तरी आधी तेच ऐकू यायचं. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणणार? "लोकांना अक्कलच नाही" हे वाक्य तेव्हा टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, आपापल्या जेवणाच्या ताटावर रोज ऐकू यायचं. मला ते तेव्हाही पटलं नाही. साथीच्या काळात माणूस आरोग्याच्या सूचना केव्हा पाळतो आणि केव्हा सोडून देतो, याचा मानसशास्त्रानं पुष्कळ अभ्यास केला आहे. तो समजून घ्यायला आपल्या नागपूरकरांना त्या दुपट्ट्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

दुपट्टा बांधा म्हणून आपल्याला कधी कोणी दंड केला नाही. मे २०२० मध्ये पारा ४७ अंशांवर गेला होता, तेव्हाही त्यासाठी पथक फिरवावं लागलं नाही. लहानपणी आईनं बांधून दिला, खिशात कांदा ठेवला, घरी आल्यावर कैरीचं पन्हं हातात दिलं. तेव्हापासून ते अंगवळणी पडलं. आणि एखाद्या दिवशी विसरलाच, तर संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं, रात्री उलटी होते. चूक सकाळी, शिक्षा संध्याकाळी. दोन-तीन वेळा ऊन लागलं की पुढं कोणाला समजावत बसावं लागत नाही.

विषाणूचं तसं नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जायचे, कधी चौदा. कित्येकांना लक्षणं यायचीच नाहीत. म्हणजे तो माणूस आठ दिवस ठेल्यावर घोळक्यात उभा राहून पोहे खाऊन गेला आणि आठही दिवस काही झालं नाही. प्रत्येक दिवशी त्याच्या मनानं एक नोंद केली: काही होत नाही. ज्या मनानं त्याला उन्हाबद्दल बरोबर शिकवलं, तेच मन इथं त्याला चुकीचं शिकवत होतं, आणि पद्धत दोन्हीकडे एकच, अनुभवाची. शिवाय दुपट्टा बांधला की फायदा माझा. कापडी मास्कचा मोठा उपयोग समोरच्याला व्हायचा. माझ्या श्वासातून कोणाच्या घरी आजार गेला, तिथं पुढं काय झालं, हे मला कधी कळणारच नव्हतं. कळलं असतं, तर मला वाटतं बहुतेकांनी मास्क नाकावरून खाली सरकू दिला नसता.

असाच प्रश्न अमेरिकेत १९५० च्या दशकात पडला होता. क्षयरोग लवकर सापडावा म्हणून तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं छातीचे एक्स-रे फुकट काढून द्यायची सोय केली. तरी पुष्कळ लोक येत नव्हते. गॉडफ्री हॉकबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. ज्यांना 'हा आजार मलाही होऊ शकतो' असं वाटत होतं, आणि लवकर कळलं तर फायदा आहे अशी ज्यांची खात्री होती, ते बाकीच्यांच्या मानानं खूप जास्त प्रमाणात येत होते. त्यातूनच पुढं आरोग्यविषयक धारणांचं एक प्रारूप तयार झालं, जे आजही शिकवलं जातं. त्याचं सार असं की सूचना ऐकल्यावर माणूस नकळत मनाशी चार गोष्टी ताडून पाहतो. मला होईल का? झालंच तर कितपत वाईट? सांगितलेल्या उपायानं खरंच फरक पडेल का? आणि तो करायला मला काय मोजावं लागेल?

पहिल्याच प्रश्नावर आपली गाडी घसरते. "आपल्याले काय होते?" हे वाक्य नागपुरात ज्यानं ऐकलं नाही असा माणूस मिळणार नाही. १९८० मध्ये नील वाइनस्टीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं की तुमच्यावर अमुक संकट येण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत किती? बहुतेकांनी स्वतःची शक्यता इतरांपेक्षा कमी सांगितली. सगळेच सरासरीपेक्षा सुरक्षित कसे असतील? पण मनाला तसं वाटतं, आणि ते वाटणं एरवी उपयोगीही असतं. दर क्षणी अपघाताचा विचार करत वर्धा रोडवर गाडी चालवताच येणार नाही. साथीत मात्र हाच दिलासा घात करतो.

दुसरी अडचण गुणाकाराची. आपलं मन बेरजेत विचार करतं. आज १०० रुग्ण आहेत आणि दर पाच दिवसांनी ते दुप्पट होतात, तर महिन्याभरात किती? पटकन विचारलं की लोक सहाशे, हजार, फार तर दोन हजार म्हणतात. उत्तर आहे ६,४००. नागपूर जिल्ह्यात फेब्रुवारी २०२१ च्या मध्याला रोजचे नवे रुग्ण काही शेकड्यांत होते. १५ ते २१ मार्च शहरात कडक लॉकडाऊन लागला तेव्हा "इतकं कशाला?" असं म्हणणारे पुष्कळ होते, कारण त्या दिवशीचा आकडा तेवढा भयंकर वाटत नव्हता. एप्रिलमध्ये तोच आकडा सात हजारांच्या वर गेला. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांबाहेर खाटेची वाट पाहत उभे असलेले नातेवाईक ज्यांनी पाहिले, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. साथीतली सूचना नेहमी 'इतकं कशाला' वाटण्याच्या वेळीच द्यावी लागते. पटण्याजोगी परिस्थिती येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. आणि सूचना वेळेवर पाळून साथ खरंच आटोक्यात राहिली, तर लोक म्हणतात, बघा, उगाच घाबरवलं होतं. जे टळलं ते कोणाला दिसत नाही.

पण मग मार्च २०२० मध्ये आपण इतके कसे घाबरलो होतो? दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, वर्तमानपत्रं बंद केली, भाजी तासभर गॅलरीत ठेवली. तेव्हा शहरात रुग्ण बोटावर मोजण्याइतके होते. पॉल स्लोविक यांनी धोक्याच्या जाणिवेवर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की भीतीचं माप मृत्यूच्या आकड्यावर फारसं ठरत नाही. धोका नवा आहे का, दिसत नाही का, आपल्या हाताबाहेरचा आहे का, यावर ते ठरतं. कोरोना नवा होता म्हणून मूठभर रुग्णांत आपण थरथरलो. वर्षानं तो ओळखीचा झाला आणि रुग्ण शेकड्यांनी वाढत असताना आपण बर्डीच्या बाजारात खरेदीला गेलो. फोन लावला की सूचनेआधी वाजायच्या त्या खोकल्याचंच घ्या. पहिल्यांदा ऐकला तेव्हा काळजात धस्स झालं. महिन्याभरात तो खोकला वाजत असताना आपण भाजी निवडत होतो.

ओळखीच्या माणसाचंही तसंच. दुकानदारासमोर मास्क वर, भाच्यासमोर खाली. परका माणूस आला की हात आपोआप मास्ककडे जायचा. सख्खी बहीण आली की मास्क काढूनच "ये ना, बस" म्हणायचो, कारण तिच्यासमोर तोंड झाकणं म्हणजे तिला परकं करणं. माया आणि सुरक्षितता मनाच्या एकाच कप्प्यात राहतात. खरं तर आपण सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात जवळ बसतो ते मायेच्या माणसांच्या. माझ्या स्वतःच्या घरात आजार आला तो असाच, एका घरगुती साखरपुड्याच्या पंगतीतून. त्या पंगतीतल्या प्रत्येकाचं नाव, वय, कोणाला गोड जास्त आवडतं हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कोणाची भीती वाटणं मनाला जमलंच नसतं.

इथं एका चुकीबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे, कारण ती हेतू चांगला असणाऱ्यांनी केली. गर्दीचे फोटो दाखवून "नागपूरकर बेफिकीर!" असे मथळे दिले गेले. लोकांना लाज वाटावी हा उद्देश. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एका राष्ट्रीय उद्यानात झाडांची दगड बनलेली जुनी लाकडं आहेत आणि पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथं पाट्या बदलून पाहिल्या. 'पुष्कळ लोक तुकडे नेतात, त्यामुळे उद्यानाचं रूप बिघडतंय' अशी पाटी लावली त्या वाटेवरून खुणेसाठी ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' एवढंच म्हणणाऱ्या पाटीच्या वाटेवर २ टक्क्यांहून कमी. 'सगळे चूक करताहेत' या वाक्यातला 'चूक' शब्द मागे पडतो आणि 'सगळे' तेवढा लक्षात राहतो. गर्दीचा फोटो पाहून घरी बसलेल्या माणसाला वाटतं, मग मीच एकटा कशाला अडकून पडू? तेव्हा हजारो घरं शांतपणे नियम पाळत होती. बंद दाराचा फोटो कोण काढणार?

आतापर्यंत मनाबद्दल बोललो. पण चौथा प्रश्न, काय मोजावं लागेल, हा मनाइतकाच घराचा आणि खिशाचा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधी मांडणी केली: कोणतीही कृती घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. आपण सगळा जोर प्रेरणेवर दिला. भाषणं, पोस्टर, दंड, सगळं त्यासाठीच. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात त्याला 'वेगळ्या खोलीत राहा' ही सूचना किती पटली, हा प्रश्नच गैरलागू आहे. ऑटो चालवणाऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की चौदा दिवसांची कमाई गेली. मग त्याला घसा दुखतोय हे तो तपासायला जाईल की दबवून टाकेल?

आणि पैशापलीकडं लाज असते. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या दाट वस्त्या शहरातल्या साथीचं केंद्र ठरल्या. गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, सतरंजीपुऱ्यातून शेकडो माणसांना विलगीकरण केंद्रांत नेलं. साथ रोखायला विलगीकरण लागतंच, त्यावर माझा वाद नाही. पण वस्तीचं नाव घेतलं की समोरचा दोन पावलं मागं सरकू लागला. दारावर कागद चिकटला की दूधवाला थांबेना. हे ज्यानं पाहिलं, त्यानं स्वतःच्या तापाबद्दल गप्प राहायचं ठरवलं तर ते अडाणीपणाचं लक्षण म्हणता येत नाही. त्यानं हिशेब केला, आणि समोर दिसत होतं त्यावरून तो हिशेब बरोबरच होता.

महाराष्ट्राला हा धडा आधीही मिळाला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, आजारी माणसं उचलून नेऊ लागले. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतंही लपवली. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. मात्र एक गोष्ट त्यात सुटते. रुग्ण वेगळा ठेवावा, हा सल्ला प्लेगच्या काळात अगदीच निराधार नव्हता. तो ज्या हातांनी आला त्या हातांवर लोकांचा विश्वास नव्हता. त्याच वर्षीचा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला.

विश्वास असेल तर काय होतं, हेही याच शहरात दिसलं. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात. १९५६ पासूनची ही ओढ. अनेकांच्या घरात वर्षभराचे पैसे या प्रवासासाठी बाजूला पडतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सोहळा रद्द झाला आणि माणसं आपापल्या घरी थांबली. घरात बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. इतकी मोठी गोष्ट लोकांनी सोडली, कारण 'यंदा घरूनच अभिवादन करा' हे सांगणारी माणसं आपली होती आणि त्यांना या दिवसाचं मोल ठाऊक होतं. ज्यांना त्यागाची किंमत कळते त्यांनी त्याग मागितला तर माणूस देतो. उलट बाजूनं पाहायचं तर मे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये पंतप्रधानांच्याच सल्लागारानं लॉकडाऊनमध्ये लांबचा प्रवास केल्याचं उघड झालं, आणि त्यानंतरच्या पाहणीत तिथल्या लोकांचा सरकारवरचा विश्वास घसरल्याचं दिसलं.

मग काम काय करतं? बांगलादेशात नोव्हेंबर २०२० पासून सुमारे ६०० गावांत, ३ लाखांहून अधिक प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क घरी नेऊन फुकट दिले, माहिती दिली, गावातल्या मानाच्या माणसांना आणि इमामांना मास्क लावून दाखवायला सांगितलं. बाजारात कोणी उघड्या तोंडानं दिसलं की कार्यकर्ता थांबवून मास्क देई आणि गोडीनं लावायला सांगे. मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. एसएमएस पाठवून किंवा गावाला बक्षीस देऊन त्यात काही भर पडली नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला लहान मुलांच्या लसीकरणाचा अभ्यास याहून जुना, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा. काहीही वेगळं न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के होती. दर महिन्याला न चुकता शिबिर भरवलं तिथं १८ टक्के. शिबिरासोबत दर खेपेला एक किलो डाळ दिली तिथं ३९ टक्के. लसीला त्या आयांचा विरोध असता तर किलोभर डाळीनं तो मोडला नसता. दिवसाची मजुरी बुडवून, रडणारं पोर काखेत घेऊन, आज नर्सबाई असतील की नाही याची खात्री नसताना तेवढं चालत जाणं जड होतं. डाळीनं ते ओझं थोडं उतरवलं.

'लोक थकले' असंही आपण फार म्हणालो. थकवा होताच, २०२० च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं त्यावर स्वतंत्र अहवालही काढला. पण अनेक देशांतल्या पाहण्यांत असं दिसलं की लोक सगळंच सोडत नाहीत. भेटीगाठी टाळणं, अंतर राखणं हळूहळू सुटत गेलं. मास्क लावणं मात्र त्याच काळात वाढलं. जे माणसांपासून तोडतं ते पाळणं फार दिवस निभत नाही. दंडानंही असंच मर्यादित काम होतं. पालिकेचं पथक दिसलं की हनुवटीवरचा मास्क नाकावर यायचा, चौक ओलांडला की परत खाली. माणूस पथकापासून बचाव करत होता, आजारापासून बचावाचा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यातच नसायचा.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, दोन फेऱ्या करायच्या. आमच्या गल्लीत त्यासाठी एक आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, यायच्या. समोरच्या घरात साठीच्या एक काकू एकट्या राहतात. पहिल्या फेरीत काकूंनी दार अर्धंच उघडलं. "इथं कोनालेच काही नाही ना माय, जा तू." ताई "बरं काकू" म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

दुसऱ्या फेरीत ताईंनी ताप मोजायची गन बाहेर काढलीच नाही. पायरीवर लांब बसल्या, पाण्याची बाटली उघडून दोन घोट प्याल्या. म्हणाल्या, "काकू, मी न्यायला नाही आले. घरीच राहता येते आता. मला फक्त एवढं सांगा, नळ किती वाजता येतो तुमच्याकडे?"

"पाच वाजता. पहाटे."

"अन् पाणी कोण भरते?"

काकू काही बोलल्या नाहीत. ताईंनी आमच्या दाराकडं पाहिलं. मी म्हटलं, पाणी मी भरून ठेवीन. दळणाचं पलीकडच्या वहिनींनी घेतलं, गोळ्या आणायचं त्यांच्या मुलानं. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर ते ओळीनं लिहिलं, पान फाडलं आणि काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. दारावर लावायला सांगितलं नाही. घडी करून उंबऱ्यावर ठेवलं.

काकूंनी घडी उचलली, उलगडून पाहिली. मग दार पूर्ण उघडलं आणि हात पुढं केला. ताई बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "परवापासून अंगात कणकण आहे, माय."